दोन दिवसांत सशाची दोन पिल्लं गेली: मिक्सोमॅटोसिस, आरएचडी की आणखी काही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घोडबंदर रोडला राहता. तीन आठवड्यांपूर्वी मुलांसाठी बाजारातून सशाची चार पिल्लं आणलीत. मंगळवारी सकाळी एक पिंजऱ्यात मरून पडलेलं दिसलं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास दुसरं बाल्कनीत एकदम किंचाळलं, पाय ताणले आणि गेलं. नाकाशी गुलाबी फेस होता. तिसऱ्याच्या डाव्या डोळ्यातून पांढरा चिकटा येतोय, चौथं ठीक आहे. भाच्याने मोबाईलवर मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडी या सशांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांचे व्हिडिओ दाखवले. दर रविवारी ठाण्याजवळच्या येऊर जंगलाच्या पायथ्याचं गवत आणता, म्हणून ‘रानसशाचा रोग घरात आला’ असं सगळ्यांनी धरून घेतलं. मुलांना काही होईल का, लस मिळते का आणि उरलेल्या दोघांचं काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

सगळ्यात आधी हे करा: दोघांना बाल्कनीतून आत आणा, पंख्याच्या खोलीत, जमिनीवर. दोन वेगळ्या टोपल्यांत किंवा पिंजऱ्यांत ठेवा. चांगल्याचं खाणं-पाणी आधी करा, डोळेवाल्याचं नंतर, आणि मध्ये साबणाने हात धुवा. येऊरचं गवत आजपासून बंद. बाकीचं खाली सविस्तर लिहिते.

मेलेली दोन्ही पिल्लं सोसायटीच्या मागे पुरलीत हे वाचून हळहळ वाटली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पोटात होतं. मी पशुवैद्य म्हणून ठाण्यात तेवीस वर्षं जनावरं बघते. ससे एकामागोमाग मेल्याचे जितके फोन येतात, त्यातल्या बहुतेकांत मला विचारावं लागतं, ‘मेलेलं पिल्लू कुठे आहे?’ आणि बहुतेक वेळा ते पुरलेलं असतं, नाहीतर कचऱ्यात गेलेलं असतं. मग लक्षणांवरून अंदाज बांधायचा, एवढंच हाती उरतं. तोच अंदाज तुमच्या बाबतीत बांधून दाखवते.

भाच्याने दाखवलेल्या दोन रोगांपैकी तुमच्या वर्णनाच्या जवळ जाणारा आरएचडी आहे, म्हणजे सशांचा रक्तस्रावी रोग. १९८४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात तो पहिल्यांदा दिसला. जर्मनीहून आणलेले अंगोरा ससे पटापट मरू लागले आणि तिथून तो युरोपात व पुढे जगभर गेला. हा कॅलिसिव्हायरस यकृतावर घाव घालतो. यकृताच्या पेशी मरतात, रक्त गोठवण्याची व्यवस्था कोलमडते, बारीक बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मग जिथे तिथे रक्त झिरपतं. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ससा जाऊ शकतो. काल रात्री कोथिंबीर खाल्ली आणि सकाळी पिंजऱ्यात आडवा, असंही होतं. शेवटी किंचाळणं, मान मागे टाकणं, नाकातून रक्ताळ फेस, हे सगळं त्यात बसतं. म्हणून भाच्याचा संशय मी उडवून लावत नाही.

पण वय बघा. तुम्ही वजन साडेचारशे ग्रॅम लिहिलंय. दुकानदाराने ‘दोन महिन्यांची’ सांगितलेली ही पिल्लं आणली तेव्हा जेमतेम महिन्याची असणार, आईपासून फार लवकर तोडलेली. आरएचडीच्या जुन्या प्रकाराचं एक वैशिष्ट्य असं की दोन महिन्यांच्या आतली पिल्लं सहसा त्यातून सुटतात. तो मोठे ससे नेतो. २०१० मध्ये फ्रान्समध्ये दुसरा प्रकार सापडला, त्याला आरएचडीव्ही-२ म्हणतात, तो मात्र लहान पिल्लांनाही सोडत नाही. म्हणजे विषाणू असलाच तर हा दुसरा असावा लागेल. शक्यता शून्य नाही. तरी माझ्या टेबलावर ठाणे-नवी मुंबईतला तपासणीत सिद्ध झालेला आरएचडीचा एकही ससा अजून आलेला नाही. त्याच तेवीस वर्षांत उन्हाने आणि कॉक्सिडिया या पोटातल्या परजीवीने मेलेली पिल्लं मात्र शेकड्यांनी आली आहेत.

उन्हाचं आधी सांगते, कारण दुसरं पिल्लू मे महिन्यात दुपारी तीनला बाल्कनीत गेलं. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. तो कानांतल्या रक्तवाहिन्यांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि भोवतीची हवाच तापली की तेही जमत नाही. हवा तिशीच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडच्या बाल्कन्यांना ग्रिल, वर पत्रा किंवा प्लॅस्टिकची शीट, आणि पश्चिमेचं ऊन. आत किती तापतं ते हात लावूनच बघा. उष्माघातात शेवटी झटके येतात, ससा किंचाळतो, आणि नाका-तोंडातून रक्ताळ पाणी येऊ शकतं. म्हणजे ज्या गुलाबी फेसामुळे तुमच्या घरात व्हायरस नक्की झाला, त्या फेसावरून काहीच नक्की होत नाही. पुन्हा कधी ससा धापा टाकताना दिसला तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. साध्या गार पाण्याने कान पुसत राहा, टॉवेलमध्ये गुंडाळलेली गार बाटली शेजारी ठेवा आणि दवाखान्यात न्या.

पहिलं पिल्लू मात्र रात्रीत गेलं, त्याला ऊन लागू होत नाही. तिथे माझा पहिला संशय कॉक्सिडियावर आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोपरखैरण्याचं एक कुटुंब आलं. आठवड्यात तीन पिल्लं गेलेली, पाच उरलेली, आणि आजीबाईंनी शहाणपणाने शेवटचं मेलेलं पिल्लू आइस्क्रीमच्या डब्यात बर्फावर ठेवून आणलेलं. सगळ्यांच्या तोंडी ‘व्हायरस’ हाच शब्द. मी टेबलावर पोट उघडलं. यकृत नेहमीच्या दीडपट मोठं, आणि त्यावर पिवळट पांढरे ठिपके, काही तिळाएवढे, काही भिजवलेल्या साबुदाण्याएवढे. एक ठिपका सुरीच्या टोकाने फोडला तर आतून साईसारखा घट्ट द्रव आला. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लांबट अंड्यांसारख्या कोष्ठांची नुसती गर्दी. आयमेरिया स्टिडी, यकृतातला कॉक्सिडिया. हा एकपेशीय परजीवी आहे, विषाणूशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्याला औषध आहे. आजीबाईंना मी भिंगातून ते दाखवलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या होत्या. उरलेल्या पाचांतली चार पिल्लं वाचली. त्या दिवशी तो डबा आला नसता तर पाचही गेली असती, कारण व्हायरस समजून घरच्यांनी उपचार सोडूनच दिले होते.

आरएचडीचं यकृत असं दिसत नाही. ते फिकट, ठिसूळ असतं आणि पृष्ठभागावर जाळीसारखी नक्षी उमटते. पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून काळपट होते. श्वासनलिका उभी कापली तर आत रक्ताळ फेस भरलेला असतो. ही दोन यकृतं शेजारी ठेवली तर नवख्यालाही फरक कळेल. म्हणून उरलेल्यांपैकी एखादं दुर्दैवाने गेलंच, तर पुरू नका. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा आणि बर्फावर किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, कारण गोठून सुटलेल्या पेशी तपासणीला नीट येत नाहीत. आणि तासाभरात फोन करा. सशाच्या पोटात आंबणारा चारा भरलेला असतो, अंगावर दाट केस असतात, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच आतले अवयव ओळखू येईनासे होतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभाग आहे. तुमच्या डॉक्टरांनी यकृताचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि एक तसाच बर्फावर राखला, तर सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि पीसीआर दोन्हींची वाट मोकळी राहते.

आता डोळ्याचं. मिक्सोमॅटोसिसमध्ये एका डोळ्याला चिकटा येऊन थांबत नाही. दोन्ही पापण्या सुजून मिटतात, कानाच्या मुळाशी आणि जननेंद्रियाजवळ सूज येते, डोक्यावर गाठी येतात, चेहरा सिंहासारखा जाड दिसू लागतो. तुमच्या पिल्लाचा एकच डोळा आहे आणि ते खातंय. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या बाजूला, बोटाने अगदी हलका दाब द्या. दाबल्यावर पांढरा पू वर आला तर अश्रुनलिका तुंबली आहे. त्यामागे दाताचं मूळ असू शकतं किंवा पाश्चुरेलासारखा जिवाणू. शिंकाही येत असतील, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झाले असतील, तर दुसरी शक्यता जास्त. ही नलिका दवाखान्यात धुता येते. घरात पडलेले स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप्स घालू नका.

मिक्सोमाचा, म्हणजे मिक्सोमॅटोसिसच्या विषाणूचा, इतिहास थोडा सांगायला हवा, कारण तुमच्या मुलांबद्दलच्या काळजीचं उत्तर त्यात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या रानसशाला या देवीच्या कुळातल्या विषाणूने नुसती एखादी गाठ येते. १८९६ मध्ये उरुग्वेत सानारेल्ली या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत आणलेले युरोपी ससे याने पटापट मरताना पाहिले आणि रोगाची नोंद केली. आपण पाळतो तो पांढरा, करडा, ठिपक्यांचा प्रत्येक ससा याच युरोपी जातीचा. ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणं फस्त केली होती, म्हणून १९५० मध्ये तिथे हा विषाणू मुद्दाम सोडला. डासांनी तो नदीकाठाने पसरवला आणि सुरुवातीला लागण झालेल्या शंभरांतले नव्याण्णव ससे मेले. त्याच सुमारास तिथल्या एका भागात माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांत भीती पसरली की हा सशांचाच रोग. तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लूनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये जिवंत मिक्सोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. सत्तर वर्षांहून जास्त काळ हा विषाणू जगात फिरतोय, आणि तो किंवा आरएचडी माणसाला, कुत्र्याला, मांजराला होत नाही. मुलांनी पिल्लांना हाताळलं असेल तर घाबरू नका. कॉक्सिडियाही सशाचा सशापुरताच. हात धुणं मात्र दर वेळी, कारण लेंड्यांतून पोट बिघडवणारे जिवाणू येऊ शकतात.

उलट दिशेने मात्र एक विषाणू जातो, माणसाकडून सशाकडे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. ताप येऊन गेल्यावर ओठांच्या कडेला पाणीदार फोड येतात, त्याला आपण ‘जर उठला’ म्हणतो. तो हर्पीस सिम्प्लेक्सचा. माणसाला तो आठवडाभर हुळहुळतो आणि जातो. सशाच्या मेंदूला त्याने सूज येते, तोंडातून लाळ, झटके, एका अंगाने गोल फिरणं, आणि मृत्यू. युरोपात पाळीव सशांत असे रुग्ण तपासून नोंदलेले आहेत. घरात कुणाला असे फोड आले असतील तर त्या दिवसांत सशाचा पापा घेणं, तोंडाजवळ धरणं कटाक्षाने टाळा. मुलांना हे सांगाच, ती पिल्लांना गालाशी धरतात.

येऊरच्या सशावर आळ येतो त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण येऊरच्या जंगलात राहतो तो काळ्या मानेचा भारतीय ससा, लेपस वंशातला. तो बीळ खणत नाही, गवतात बसायची जागा करतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. दोघांचा संकर होत नाही. मिक्सोमा आला दक्षिण अमेरिकेच्या रानसशातून, आरएचडी पहिल्यांदा उठला तो पाळीव सशांत; आपल्या रानसशाने यातला कुठलाच रोग जन्माला घातलेला नाही. उलट आरएचडीव्ही-२ पाळीव सशांच्या भाईबंदांपुरता राहिलेला नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या राज्यांत तो तिथल्या रानटी जॅकरॅबिटमध्ये शिरला, आणि ते लेपसच आहेत. मिक्सोमाही २०१८ मध्ये स्पेनमधल्या लेपस सशांत घुसला. म्हणजे धोका आहे तो आपल्या घरातून येऊरकडे जाणारा.

आणि हे मी रोज बघते. परीक्षा संपली, हौस फिटली, पिंजऱ्याचा वास येऊ लागला की लोक ससा येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर नेऊन सोडतात आणि ‘मोकळं केलं’ म्हणतात. पाळीव ससा तिथे कुत्र्याच्या तोंडी जातो किंवा तहानेने मरतो. आजारी असला तर त्याच्या लेंड्या आणि प्रेत तिथल्या गवतात राहतात, आणि आरएचडीचा विषाणू प्रेतात महिनोन् महिने टिकतो. प्राण्याला असं उपाशी-तहानेलं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. उरलेली दोन पिल्लं झेपत नसतील तर मला सांगा, घर शोधू. डोंगरावर सोडायचा विचार मनात आणू नका. रानात एकाच जागी दोन-तीन रानससे मेलेले दिसले तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ वर कळवा. पाळीव जनावरांसाठी पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२. आकडे तेच, क्रम वेगळा, म्हणून दोन्ही लिहून भिंतीवर लावा.

लसीचं थोडक्यात. युरोपात मिक्सोमा आणि आरएचडीचे दोन्ही प्रकार यांवर एकत्र लस मिळते. माझ्या फ्रीजमध्ये सशाची एकही लस नाही, कारण मला ती इथे बाजारात मिळत नाही. ‘सशाची लस’ म्हणून कुणी पैसे घेत असेल तर कुपीवरचं नाव वाचा. कुत्र्याची पाच-सात रोगांची लस सशाला टोचून त्याचं कशापासूनही रक्षण होत नाही.

लस नाही म्हणून हाताशी राहतं ते सफाई आणि अंतर. इथे एक गोष्ट बहुतेकांची चुकते. सॅनिटायझर आरएचडीच्या विषाणूला मारत नाही, त्याला चरबीचं वेष्टनच नसतं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, आधी लेंड्या-मळ घासून काढून मग लावायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. ब्लीचमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. पण हेच ब्लीच कॉक्सिडियाच्या कोष्ठांना काही करत नाही, त्यांना उकळतं पाणी लागतं. म्हणून लोखंडी पिंजरा आणि ट्रे दोन्हींनी धुवा, एकदा ब्लीचने, वाळल्यावर उकळत्या पाण्याने. लाकडी खोका आणि जुनं अंथरूण टाकूनच द्या. कॉक्सिडियाचे कोष्ठ बाहेर ओलाव्यात पिकायला दोन-तीन दिवस घेतात, तेव्हा लेंड्या रोज काढल्या तरी साखळी तुटते. पिंजऱ्याला मच्छरदाणी लावा. खाडीलगतच्या आपल्या वस्तीत डासांची कमी नाही, आणि मिक्सोमा डासाच्या सोंडेवर बसूनही जातो.

दुकानातून स्वतःच्या मनाने औषध आणू नका. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं की सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि दोन-तीन दिवसांत ससा विषबाधेने जातो. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं गोचिडाचं औषध सशाला मारक आहे. दोन्हींमुळे मेलेले ससे मी पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा घरच्यांना वाटत होतं की रोगाने गेला.

नवं पिल्लू चार महिने तरी आणू नका. काय झालं होतं ते कळेपर्यंत घरात आरएचडी येऊन गेला असं धरूनच चालायचं.

उद्या सकाळी दोघांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या डब्यांत घेऊन या, रात्रीच्या नकोत. त्यात कॉक्सिडिया आहे का हे अर्ध्या तासात कळेल. आज रात्री एका वहीत लिहायला सुरुवात करा: कोणी किती वाजता खाल्लं, किती लेंड्या टाकल्या, आकार केवढा. दहा-बारा तास एकाने काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. वही सोबत आणा.